सुगंधाबाईंच्या बोटांतली भट्टी

सुगंधाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी प्रामाणिक समजूत झाली, की टिपागडचा डोंगर लुगडं नेसून लग्नाच्या स्वयंपाकाला आला आहे. डोंगराच्या पुढ्यात एक कढई होती. उन्हानं कासावीस झालेली एखादी म्हैस त्या कढईत उतरली असती, तर शिंगांसकट डुंबली असती आणि वर आपल्या रेडकालाही हाक मारली असती. कढईखालचा जाळ पाहून, जंगलखात्याचा माणूस आसपास नाही ना, म्हणून मीच इकडेतिकडे बघितलं. धुरातून एक हात बाहेर आला. हातात झारा होता. झाऱ्यामागून आवाज आला आणि मांडवावर घातलेल्या जांभळीच्या डहाळ्या थरथरल्या.

"हे कोन आलं गा? तुरीची काडी चालून राह्यली का?"

"नवे मास्तर हायेत, बाई," कोणीतरी म्हणालं.

"मास्तर? मंग वारा सुटला तं शाळेतल्या पोरायनं धरून ठेवाचं का यायले?"

मी नाव सांगायला तोंड उघडलं. तीच चूक झाली. उघडलेलं तोंड रिकामं ठेवणं सुगंधाबाईंच्या धर्मात बसत नव्हतं. त्यांनी गुळाच्या बुंदीचा एक लाडू आत घातला. तो लाडू नारळाएवढा होता असं मी आजवर सांगत आलो आहे आणि माघार घेण्याचा माझा विचार नाही. तो माझ्या तोंडात आडवा बसला. माझं नाव पिंपळटोल्याला कळलं ते पुढच्या बाजाराच्या दिवशी. तोवर गाव मला 'काडीमास्तर' म्हणायला लागलं होतं, आणि नंतर खरं नाव सांगूनही त्यात फरक पडला नाही.

चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात जाऊन बसला, त्याच्या मागचापुढचा हा काळ. जिल्हा एवढा फिरून आला, पण आम्ही जागचे हललो नव्हतो. आमचं गाव वैनगंगेच्या अलीकडे, धानाच्या बांध्या आणि मोहाची झाडं यांच्या मधल्या जागेत होतं. त्या गावात सुगंधाबाईंना जे स्थान होतं ते पाटलाला नव्हतं. लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी सुगंधाबाईंकडे सुपारी घेऊन यायचा. त्यांनी सुपारी उचलली म्हणजे जेवण ठरलं. मग जोशीबुवाकडे जाऊन मुहूर्त काढायचा. सुपारी उचलली नाही तर मुहूर्त पुढे जायचा. ग्रह त्यांच्या सोयीनं सरकत.

त्यांचे यजमान मुखरूभाऊ हे अंगानं इतके बारीक, की नवराबायको शेजारी उभे राहिले म्हणजे धान साठवायच्या ढोलीशेजारी टेकवून ठेवलेली काठी वाटायची. बोलणं कमी. जे बोलायचं ते "हो जी" एवढंच, आणि त्यातलाही 'जी' गिळलेला.

सुगंधाबाईंची सगळी विद्या पाकात होती. बुंदी कोणीही पाडतो, पण पाक साधला नाही तर ती एकतर दगड होते नाहीतर चिखल. सुगंधाबाई उकळत्या गुळाच्या कढईत झारा बुडवत, झाऱ्यावरचा थेंब आंगठा आणि बोटात धरत, बोटं उघडून तार बघत, आणि मग ती बोटं चाटत. प्रत्येक तारेला एक चाटणं. लग्नाच्या दिवशी सकाळपासून मांडव उठेपर्यंत हा उद्योग चाले. मधल्या वेळात हात तांदूळ धुण्याच्या पाण्यात, पिठाच्या घोळात, पुन्हा पाकात.

"अजी, किती चाटता?" मी एकदा म्हटलं.

"पाकाले जिभेनं इचाराव लागते, मास्तर. डोयानं इचारलं तं खोटं सांगते."

जीभ विचारायला लागली की एका प्रश्नावर थांबत नसे. घाणा निघाला की मूठभर बुंदी चौकशीला, लाडू वळले की एक लाडू जबाबाला. शिवाय घरी गुळाचा खडा, सीताफळाच्या दिवसांत सीताफळं, आणि भात. भाताचं काय सांगू? झाडीतला, म्हणजे आमच्या या जंगलपट्टीतला माणूस भात जेवतो. सुगंधाबाई भातावर स्वारी करत.

तर अशा या बाईंच्या हाताला मार्गशीर्षातल्या लग्नांनंतर काहीतरी झालं.

आधी मधल्या दोन बोटांमधली कातडी पांढरी पडली. पाण्यात फार वेळ राहिल्यावर पडते तशी, पण वाळल्यावरही पांढरीच. मग ती सोलवटली, खाली लाल ओलं दिसायला लागलं. मग नखांच्या कडा सुजल्या. सुगंधाबाईंनी हळद लावली, करंजाचं तेल लावलं, कडुनिंबाचा पाला बांधला, आणि गावात ज्याने जे सांगितलं ते सगळं एकावर एक चोपडलं. बोटांना चोपडलेलं दिसत होतं. त्याशिवाय आणखी एक खाज होती, ती न दिसणारी, बायकांनी बायकांनाही न सांगायची. ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. त्यांना तहानही फार लागायची. मुखरूभाऊ म्हणत, रांजण दोनदा भरला तरी तळ दिसतो. आणि परसात त्या लघवीला बसून उठल्या, की जरा वेळानं तिथे मुंग्यांची यात्रा भरते, असंही एकदा मुखरूभाऊंच्या तोंडून निसटलं.

इथवर गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण पौषात एका बारशाला गुणवंतरावांच्या आई भागीरथाबाई पंगतीत बसल्या होत्या. गुणवंतराव म्हणजे पंचक्रोशीतले सगळ्यात मोठे धानवाले; त्यांच्या आई म्हणजे त्यांच्याहून मोठ्या. सुगंधाबाई वाढायला वाकल्या. भागीरथाबाईंची नजर बोटांवर गेली. त्यांनी पत्रावळ मागे ओढली.

"हात दाखव व, सुगंधा."

सुगंधाबाईंनी हात पदरात घेतला.

"लपवतेस काऊन? बाई माय! हा तं मोठा रोग दिसून राह्यला."

मोठा रोग म्हणजे कोणता, हे आमच्याकडे सांगावं लागत नसे. बोटं झडतात तो. त्या पंगतीत भाताचं भांडं कोणी पुढे सरकू दिलं नाही. त्यानंतर सुगंधाबाईंच्या दारी सुपारी आली नाही. माघातली लग्नं दुसऱ्याच बायकांनी उरकली. त्या लग्नांतली बुंदी मी खाल्ली आहे. ती खाऊन माझी एक दाढ हलली, म्हणून त्या महिन्यापुरती माझी सहानुभूती शंभर टक्के खरी होती.

वैशाखात गुणवंतरावांच्या मुलीचं लग्न होतं. एवढं मोठं लग्न त्या भागात पुन्हा कधी होणार! त्या कढईपुढे आपण नसणार, ही गोष्ट सुगंधाबाईंना बोटांच्या आगीपेक्षा जास्त जाळत होती. तिथून हात गेला की तो कायमचा गेला. मग पाणी भरायलासुद्धा कोणी बोलावणार नव्हतं.

"मास्तर," एका सकाळी मुखरूभाऊ शाळेच्या दारात उभे. आयुष्यात पहिल्यांदा ते लांब वाक्य बोलले. "दवाखान्यात नेऊन राह्यलो तिले. तुमी चला जी. तिथी विंग्रजी लागते म्हनते."

बैलबंडीत मुखरूभाऊ पुढे, मी मागे आणि मध्ये सुगंधाबाई. बंडी पुढून उचलली जाऊ नये म्हणून मुखरूभाऊंच्या शेजारी दगड ठेवला होता की नव्हता, हे मला नक्की आठवत नाही, पण असायला हवा होता.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात पाहिला. मग त्यांनी एक टाचणी घेतली आणि काही न सांगता बोटाच्या शेंड्याला टोचली.

त्या किंकाळीचं वर्णन मी करू शकत नाही. बाहेर लिंबाखाली बांधलेले आमचे बैल सुटले, एवढंच सांगतो.

"शाबास!" डॉक्टर म्हणाले. "दुखलं ना? झकास दुखलं. महारोगाच्या चट्ट्याला असं दुखत नाही. हा तो नव्हे." आणि आतल्या खोलीकडे बघून ते ओरडले, "कनीजबाई, यांची लघवी तपासा."

कनीज ही चांद्याची, बांगडीवाल्यांची मुलगी, नर्सचं शिक्षण घेऊन नुकतीच इकडे आलेली. उंचीनं सुगंधाबाईंच्या कोपराएवढी, आवाज मात्र बरोबरीचा. तिनं काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं, आणि बघता बघता वीटभट्टीतल्या विटेसारखं लाल झालं.

"या अल्ला," कनीज म्हणाली. "बाई, तुमच्या अंगात रक्त हाय का पाक हाय?"

मग तिनं मला आणि मुखरूभाऊंना बाहेर काढलं, दार लोटलं, आणि ती न सांगायची खाज विचारून घेतली. हे मला नंतर सुगंधाबाईंनीच सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तितक्या सहज. कारण एकदा ते कोणीतरी विचारलं, याचाच त्यांना इतका आनंद झाला होता, की मग त्या साऱ्या गावाला सांगत सुटल्या. पुढे पिंपळटोल्याच्या निम्म्या बायका त्याच तक्रारीसाठी त्या दवाखान्यात गेल्या.

दार उघडल्यावर कनीज समजावत होती. "वरची अन् खालची, दोन्ही एकच हाय, बाई. बुरशीच्या जातीची. ती सगळ्यायच्या अंगावर थोडीथोडी असते, गपचूप. पण तिले ओल भेटली अन् साखर भेटली, का माजते. तुमी दिवसभर हात ओले ठेवता, वरून गोड. अन् आतून रक्तातही साखर. मंग ती काऊन जाईन?"

"बुरशी? भाकरीवर येते ते?"

कनीजनं जरा विचार केला. "मोहाची दारू कशी बनते, माहीत हाय का?"

आता हा प्रश्न झाडीत विचारायचा नसतो. तो मासोळीला पोहणं माहीत आहे का, असा प्रश्न आहे. मुखरूभाऊसुद्धा हसले.

"मोह पाण्यात भिजवते, मंग फसफसून येते," सुगंधाबाई म्हणाल्या.

"फसफसते कोन? मोह नाई फसफसत. त्यातले बारीक जीव गोड खाते अन् फेस काढते. त्यायच्याच भाऊबंदातले तुमच्या बोटात बसले हायेत."

सुगंधाबाईंनी आपली बोटं डोळ्यांसमोर धरली. बराच वेळ बघितली.

"म्हनजे माह्या बोटाईत भट्टी लागली!" त्या म्हणाल्या. "अन् मुंबई सरकार दारूबंदी करून राह्यलं म्हनते. पोलिसानं धरलं तं, मास्तर?"

औषध म्हणून एक जांभळं पाणी मिळालं. ते लावलं की हात असे रंगत, जणू जांभळाच्या झाडाखाली रात्र काढली आहे. हात कोरडे ठेवायचे. गोड बंद. भात निम्मा, त्याऐवजी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, मासोळी, ताक, मूग. डॉक्टर शेवटी म्हणाले, "नुसत्या खाण्यानं बरं होईल असं मी म्हणत नाही. पण खाणं सांभाळलं नाही, तर औषधानं गेलेली बुरशी पुन्हा येणार, एवढं नक्की समजा."

सुगंधाबाईंनी गोड सोडलं ते राजानं राज्य सोडावं तसं. सगळ्या गावाला कळवून. गुळाचं मडकं डोक्यावर घेऊन त्या भर दुपारी शेजारणीकडे गेल्या आणि चारचौघींत तिच्या स्वाधीन केलं. ज्वारीची भाकर पहिल्या दिवशी ताटात आली तेव्हा त्यांनी तिला उलटून पालटून पाहिलं.

"हे वऱ्हाडातले लोक रोज खाते?"

"हो जी."

"तरीच ते आपल्याशी सरळ बोलत नाई."

पण खाल्ली. आणि गुण आला. कनीज दर पंधरवड्याला देवीची लस टोचायला आमच्याकडे यायची, येताना निळं पाणी आणायची. फाल्गुनात ते विटकरी व्हायचं थांबलं; पिवळ्यावर आलं, मग हिरवट झालं. बोटांमधली कातडी कोरडी पडली. न दिसणारी खाज गेली. मुंग्यांनी यात्रा रद्द केली. गुणवंतरावांच्या घरून निरोप आला, की सुपारीचा विचार चालू आहे. सुगंधाबाईंनी कढई घासायला काढली आणि ती घासताना म्हटलेली गाणी शाळेत माझ्या पाढ्यांच्या वर ऐकू यायची.

आणि चैत्रात सगळं उलटलं.

खाज परत. पांढरं परत. कनीजनं नळी दिव्यावर धरली आणि पाणी हिरव्याशी न थांबता थेट विटेवर गेलं. तिनं नळी ठेवली आणि कमरेवर हात घेतले.

"काय खाल्लं?"

"काईच नाई."

"बुंदी?"

"हात नाई लावला."

"गूळ? उसाचं कांडं? चोरून सीताफळ?"

"चैतात सीताफळ कुठी भेटते व, पोरी? तूच शोधून देतेस का?"

"खोटं नका बोलू, बाई. नळी खोटं नाई बोलत."

"मी खोटं बोलतो?" सुगंधाबाई उठल्या. त्या उठल्या की उजेड कमी व्हायचा. "महादेवाची शपथ घेऊन सांगतो. जिभेले गोडाचा कन नाई लागला. तुही नळीच बिघडली."

कनीज रागानं निघून गेली. गावात बातमी पसरली, की सुगंधाबाई चोरून गूळ खातात. मुखरूभाऊंना आम्ही पाळतीवर ठेवलं. ते इतक्या इमानदारीनं पाळत ठेवत, की सुगंधाबाई विहिरीवर गेल्या तरी हे दोन पावलं मागे, आणि परत आल्यावर "काई नाई" एवढा अहवाल. गुणवंतरावांकडचा सुपारीचा विचार थांबला. नागपूरहून हलवाई आणायचं बोलणं निघालं. त्या दिवशी मी गेलो तर सुगंधाबाई घासलेल्या कढईत डोकं खाली घालून बसल्या होत्या. एवढी मोठी बाई रडताना लहान दिसते, हे मी तेव्हा पाहिलं.

"मास्तर, मी खाल्लं नाई जी," त्या म्हणाल्या. त्या बाईवर विश्वास ठेवायला मला टाचणीची गरज वाटली नाही. नळीवर अविश्वास दाखवायचाही धीर होत नव्हता.

पुढच्या फेरीला कनीज आली ती फुगूनच. लस टोचून सरळ निघून जाणार होती. मी तिला जवळजवळ ओढत सुगंधाबाईंच्या अंगणात नेलं.

चैत्रातलं झाडीतलं अंगण म्हणजे काय असतं, ते चांद्याच्या मुलीला माहीत नव्हतं. पहाटे मोह झडतो. सारं गाव टोपल्या घेऊन जंगलात. सकाळी अंगणभर पिवळी फुलं वाळत पडलेली, आणि सगळीकडे तो जड वास. सुगंधाबाई त्या वाळवणाच्या मधोमध बसल्या होत्या. कमरेला एक पिशवी खोचली होती. त्या कनीजशी बोलणार नव्हत्या, म्हणून माझ्याशी बोलत होत्या. बोलता बोलता हात पिशवीत जाई, तोंडाकडे येई, पुन्हा पिशवीत.

कनीज बघत राहिली. "ते काय हाय?"

"कोनतं?"

"पिशवीतलं. खाऊन राह्यल्या ते."

"हे? मोह हाय. भाजला, जवस टाकली, चिचोके टाकले." सुगंधाबाईंनी राग विसरून पिशवी पुढे केली; खाण्याच्या बाबतीत त्यांचा राग टिकत नसे. "घे. जेवन थोडी हाय हे? मोह हाय. जंगलातलं. आमी तं पोटाले आधार म्हनून खातो. पोरं, बैल, अस्वलं, सारेच खाते."

कनीजनं चिमूटभर तोंडात टाकलं. चावलं. तिचे डोळे मोठे होत गेले.

"बाई! हा तं गूळ हाय!"

"गूळ उसाचा असते व. हा मोह हाय."

"साखर सोडली तेव्हापासून खाता?"

"थोडा. भूक लागे तं जुना होता मडक्यात. आता नवा पडून राह्यला तं दिवसभर."

सगळ्यांनी सोडायच्या गोष्टींची यादी काढली होती, आणि मोह कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. डॉक्टर नागपूरचे, कनीज चांद्याची. त्यांना मोह म्हणजे दारू, खायची वस्तू नव्हे. आम्हाला मोह म्हणजे हवा, पाणी, लाकूडफाटा. त्याचं पथ्य कोणी सांगतं का? मुखरूभाऊंनीही इमानानं पाळत ठेवली होती, पण बायकोनं मोह खाणं आणि बायकोनं श्वास घेणं यांत त्यांना फरक दिसला नव्हता. पिशवी रोज तेच भरून देत होते.

कनीजनं मूठभर फुलं पाण्यात चुरली, त्याचे थेंब निळ्या पाण्यात टाकले आणि नळी जाळावर धरली. आम्ही सगळे गोल करून उभे. क्षणभर निळं. आणि मग अशी वीट उतरली, की तेवढ्या लाल विटा गुणवंतरावांच्या नव्या घरालाही लागल्या नव्हत्या.

"नळी खोटं नाई बोलत," सुगंधाबाई हळूच म्हणाल्या.

"अन् तुमीही नाई बोलल्या, बाई," कनीज म्हणाली. मग तिनं कपाळावर हात मारला. "अन् मी! तुमी मागच्या महिन्यात ते काळे लाडू पाठवले होते, ते मोहाचेच ना? मी सारे खाल्ले. मले वाटलं, औषधी हायेत!"

सुगंधाबाईंनी कमरेची पिशवी सोडली, मुखरूभाऊंच्या हातात दिली, आणि अंगणभर पसरलेल्या आपल्या वर्षाच्या बेगमीकडे एकदा पाहिलं. "भट्टीले मालच मी पुरवून राह्यली होती," त्या म्हणाल्या. "उचला हे सारं."

मोहाच्या दिवसांत मोह सोडणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळणार नाही. गावभर वास, प्रत्येक घरात भाजणं, पोरांचे खिसे भरलेले, आणि सुगंधाबाई नाकाला पदर लावून अंबाडीची भाजी खात बसलेल्या. पण त्या हटल्या नाहीत. जांभळं औषध लावलं, हात कोरडे ठेवले, ताक प्यायल्या, शेजारणींच्या टोमण्यांना दुप्पट टोमणे दिले. चैत्र संपता संपता नळी पुन्हा हिरवी झाली आणि कातडी कोरडी.

एक अडचण उरली. पाक. तो बोटानं बघायचा नाही आणि जिभेला विचारायचा नाही, मग सुगंधाबाईंची विद्या ती काय राहिली? दोन दिवस त्या विचारात. मग त्यांनी बांबूच्या दोन कामट्या तासल्या. थेंब कामट्यांत धरायचा, कामट्या उघडून तार बघायची, हात कोरडा. आणि जीभ? त्यांनी सभोवार पाहिलं. मुखरूभाऊ कोपऱ्यात बसले होते.

"अजी, इथी या. तोंड उघडा."

"हो जी."

लग्नाच्या आदल्या दिवशी गुणवंतरावांच्या मांडवात सुगंधाबाई सुपारीशिवाय गेल्या. नागपूरचा हलवाई यायचा होता, तो आला नव्हता. त्याच्या वाटेकडे डोळे लावून गुणवंतराव उभे. सुगंधाबाईंच्या मागे कनीज, मुखरूभाऊ आणि मी. भागीरथाबाई मांडवाच्या मध्ये पाटावर बसल्या होत्या. सुगंधाबाईंनी त्यांच्यापुढे दोन्ही हात पसरले.

म्हाताऱ्या बाईनं हात धरून उजेडाकडे वळवले. एकेक बोट फाकवून बघितलं, बैल विकत घेताना दात बघतात तसं.

"नखं जांभळी काऊन?"

"औषधाचा रंग हाय, आजी," कनीज म्हणाली.

"हं. दिसते तं साफ. पन आतून कोनाले माहीत?"

कनीजनं खिशातून टाचणी काढली आणि भागीरथाबाईंच्या हातात दिली. "मोठ्या रोगाच्या चट्ट्याले टोचलेलं कळत नाई, आजी. तुमीच टोचून बघा."

भागीरथाबाईंनी टाचणी घेतली. भागीरथाबाई अर्धवट काम करणाऱ्या नव्हत्या.

त्या किंकाळीनं मांडवातली वाजंत्री थांबली. अंगणातली कुत्री पळाली. नवऱ्या मुलीनं आतून विचारलं, "कोन मेलं?" आणि पंचक्रोशीतून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला, खेड्याखेड्यातल्या प्रत्येक माणसाला, एका क्षणात कळलं, की सुगंधाबाईंचे हात ठणठणीत जिवंत आहेत. अशी दवंडी पिटायला गुणवंतरावांना चार कोतवाल लागले असते.

भागीरथाबाईंनी टाचणी खाली ठेवली. कान चोळला. "गुणवंता," त्या म्हणाल्या, "सुपारी आन."

पुढच्या दिवसाची बुंदी मी आजही तोंडात घोळवतो. सुगंधाबाई कढईपुढे उभ्या, हातात कामट्या, बोटं कोरडी, आणि शेजारी स्टुलावर मुखरूभाऊ तोंड उघडून बसलेले.

"कसा हाय?"

"कच्चा."

"आता?"

"जरासा."

"नीट सांगा जी! बायकोशी बोलून राह्यले का पाकाशी?"

"आता झाला. झाला! काढ!"

मुखरूभाऊ ओरडले, हे गावानं पहिल्यांदा ऐकलं. त्या जिभेत एवढी विद्या इतकी वर्षं गप्प बसली होती. पहिला घाणा निघाला. सुगंधाबाईंनी ओंजळ भरली आणि भागीरथाबाईंच्या पाटाशी गेल्या. सारी पंगत बघत होती. म्हाताऱ्या बाईनं त्या जांभळ्या नखांच्या ओंजळीतून बुंदी उचलली, तोंडात टाकली, आणि पुन्हा हात पुढे केला.

"थोडी आनखी देशीन व, सुगंधा."

पंगतीतून असा गलका उठला, की नवरदेवाला वाटलं आपलीच वरात निघाली. कनीजचं ताट सुगंधाबाईंनी स्वतः वाढून आणलं आणि तिच्यासमोर मांडी घालून बसल्या. तिनं लाडू संपवेपर्यंत उठल्या नाहीत, आणि स्वतः भाकर खाल्ली. मी लाडवांची चौकशी केली. माझ्या उघड्या तोंडाची त्यांना आठवण होती.

त्यानंतर त्या भागातलं एकही लग्न सुगंधाबाईंच्या कामट्या आणि मुखरूभाऊंच्या जिभेशिवाय लागलं नाही. सुगंधाबाईंच्या बोटांतली भट्टी पुन्हा पेटली नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात मुखरूभाऊंच्या लघवीला मुंग्या लागल्या.